मदत हवी आहे: आजीकडे राहणाऱ्या बाळांना दिवसभर काय खायला द्यावं?

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात आशा सेविका (गावातली आरोग्य कार्यकर्ती) आहे. कापूस वेचणी लागली की तरुण आया सकाळीच वावरात जातात, सहा महिन्यांवरची बाळं आजीकडे. मग चहा-बिस्कीट, नाहीतर वरणाचं वरचं पाणी. घट्ट दिलं तर घशात अडकते, असं आज्यांचं म्हणणं. वजन वाढत नाही. (तीव्र कुपोषित कोणी नाही, तसं असतं तर आधी दवाखान्यातच पाठवलं असतं.) अंगणवाडीतून बाळाच्या आहाराचं पाकीट मिळतं, ते अख्खं घर खातं. मऊ खिचडीत तेल घालून दाखवली. आया करतात, आज्या चूल पेटवायला कंटाळतात. फ्रीज नाही, काही घरांत अंडं चालत नाही. ज्वारी, तूरडाळ, शेंगदाणे घरचेच.

भाजून दळलेलं, नुसतं उकळत्या पाण्यात कालवून देता येईल असं पीठ कोणी केलंय का? धान्य-डाळीचं प्रमाण किती, शेंगदाण्यामुळे खवट न होता किती दिवस टिकतं?