मदत हवी आहे: इराण्याच्या हॉटेलातली वेताची खुर्ची घरी दुरुस्त करता येईल का?

परळची_सून (२ ऑगस्ट)

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे एक खुर्ची आहे, घरात तिला 'इराण्याची' म्हणतात. सासरे गिरणीत होते आणि कोपऱ्यावरच्या इराण्याकडे त्यांची रोजची बैठक. १९८२ च्या संपात एका पानी कम चहावर अख्खी दुपार काढायचे, शेठ कधी ऊठ म्हणाला नाही. पुढे हॉटेल बंद झालं तेव्हा त्यानं जुन्या गिऱ्हाइकांना एकेक खुर्ची देऊन टाकली. त्यातली ही. गोल बैठक, वाकवलेल्या लाकडाची पाठ आणि तिच्या आत दुसरी छोटी कमान. मुंबईतल्या कयानी किंवा ब्रिटानिया हॉटेलात बसलेल्यांच्या लगेच डोळ्यांपुढे येईल.

चाळ पाडली, आम्ही टॉवरमध्ये आलो आणि खुर्ची पॅसेजमध्ये रद्दी ठेवायच्या कामाला लागली. आता सोसायटीची नोटीस आली आहे, पॅसेज मोकळा करा. नवऱ्याचं मत, भंगारवाल्याला देऊ. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी रद्दी उचलून खाली ठेवली आणि खुर्चीवर जाऊन बसल्या. भंगारवाल्याचा विषय तिथेच संपला.

अवस्था सांगते. बैठकीवर कुणीतरी कधीतरी प्लायचा गोल तुकडा खिळ्यांनी ठोकला होता, तो परवा पकडीनं उचकटला. खाली वेताची जाळी, म्हणजे तिचे अवशेष, मधोमध भगदाड. बैठकीच्या कड्याला सगळीकडून भोकं आहेत, मोजली तर ६८ भरली. बसलं की खुर्ची डावीकडे डुलते. मागच्या एका पायाला टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आहेत आणि खाली फरशीवर पिठासारखा भुसा पडतो. पॉलिश काळं आणि चिकट झालंय, या हवेत हात लावला की बोटांचे ठसे उमटतात.

नाक्यावरच्या सुताराला दाखवली. तो म्हणाला, "ताई, नवीन प्लाय मारतो, वर फोम आणि रेक्झिन, पायांना पीयू (चकचकीत पॉलियुरेथेन पॉलिश). साडेतीन हजार. कोणाला ओळखूपण येणार नाही." हे शेवटचं वाक्य त्यानं कौतुकानं म्हटलं होतं!

मला ती ओळखू यायला हवी आहे, आणि खरं सांगायचं तर हे स्वतः शिकायचंय. बँकेत नोकरी, त्यामुळे हातात फक्त रविवार. जागा म्हणाल तर चार बाय सहाची बाल्कनी, त्यातही दुपारी दोन ते चार ठोकाठोकीला बंदी. अवजारांत सासऱ्यांचा हातोडा, पकड आणि दोन स्क्रूड्रायव्हर. सुरुवात कुठून करू? तो भुसा म्हणजे वाळवी का? लाकूड बर्मा टीक, म्हणजे ब्रह्मदेशी साग, आहे असं घरात सगळे सांगतात, मग त्याला कीड कशी लागली? आणि वेत विणणं नवशिक्याला जमतं का, की ते कारागिराकडेच द्यावं?

व्यवहारी_माणूस

साडेतीन हजारांत दोन नव्या खुर्च्या येतात. बाकी तुमची मर्जी.

रंधा_पटाशी

ताई, आधी वाईट बातमी. ही बर्मा टीक नाही. मुंबईत ज्या घरात जुनं लाकूड असतं ते सगळं बर्मा टीकच असतं, आमच्याकडे पोळपाटसुद्धा होता. ही खुर्ची बहुतेक बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची आहे. पायाच्या आतल्या बाजूला पॉलिश थोडं खरवडून बघा, फिकट लाकडावर बारीक तपकिरी रेघोट्या दिसल्या तर बीचच. हे युरोपातलं लाकूड, वाफेवर छान वाकतं म्हणून या खुर्च्यांना वापरलं. पण सागाच्या गाभ्याला कीड सहसा धरत नाही, बीचला धरते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

वाळवी नाही ती. वाळवी मातीचे बोगदे करत येते. बारीक गोल भोकं आणि पिठासारखा भुसा म्हणजे लाकूड पोखरणारा भुंगा. तो अजून आत आहे की कधीच उडून गेलाय हे आधी शोधा. पाय झटकून स्वच्छ करा, भोकांवर मेण घासा, खाली काळा कागद पसरा आणि दोन-तीन आठवडे खुर्ची हलवू नका. नवा भुसा पडला तर आत राहतोय. मग पॉलिश उतरवून झाल्यावर लाकडाच्या किडीचं औषध (टर्मिनेटर नावाचं सहज मिळतं) सुईच्या सिरिंजनं एकेका भोकात सोडायचं, वरून ब्रशनं लावायचं आणि पाय प्लास्टिकमध्ये गुंडाळून आठवडाभर ठेवायचा. हातमोजे आणि मास्क हवाच, आणि हे काम बाल्कनीतच.

आता डुलण्याचं. इथे माझं थोडं पाल्हाळ सहन करा, कारण ही खुर्ची मला फार आवडते. व्हिएन्नाच्या थोनेट कंपनीनं १८५९ साली १४ नंबरची खुर्ची काढली. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू, दोन नट. सुटे भाग करून भरल्या तर घनमीटरभर पेटीत छत्तीस खुर्च्या मावायच्या. बोटीनं जगभर गेल्या त्या यामुळे. १८६९ मध्ये पेटंट संपलं आणि मग कितीतरी कारखाने तशाच खुर्च्या करायला लागले. तुमची कोणाची ते कड्याच्या आतल्या बाजूला शिक्का किंवा कागदाचा तुकडा सापडला तर कळेल, म्हणून तिथे पॉलिश पेपर मारू नका.

सांगायचा मुद्दा असा की हिचे मुख्य जोड स्क्रूंवर आहेत. डुलते म्हणजे स्क्रू सैल, किंवा स्क्रूचं भोक मोठं झालंय. फेविकॉल ओतत सुटू नका. स्क्रू काढा. गंजून बसला असेल तर सोल्डरिंगची तापलेली इस्त्री त्याच्या डोक्यावर मिनिटभर धरा, मग फिरतो. भोक मोठं झालं असेल तर आगपेटीच्या काड्या (गुल तोडून) फेविकॉल लावून आत ठोका, दिवसभर वाळू द्या, बाहेर आलेलं कापा आणि तोच स्क्रू परत बसवा. खिळा कुठेही नको. आधी कुणीतरी मारलेत तेवढे पुरे.

अवजारांसाठी नागदेवी स्ट्रीटला एक चक्कर मारा. पण यादी करून जा, नाहीतर माझ्यासारखं होईल. माझ्याकडे चार रंधे आहेत, घरात एकही टेबल मी केलेलं नाही.

स्पिरिटवाले_काका

पॉलिशला आत्ता हात लावू नका, दसऱ्यानंतर बघा. चपडा लाखेचं (पातळ पापड्यांच्या रूपात मिळते ती लाख) पॉलिश पावसाळी हवेत मारलं की ओल आत अडकून पांढुरकं पडतं.

आधी खात्री करा लाखेचंच आहे ना. खालच्या बाजूला स्पिरिटचा एक थेंब टाका, मिनिटभरानं बोट लावा. चिकट होऊन सुटलं तर लाख. मग खरवडायची गरजच नाही, स्पिरिटमध्ये भिजवलेल्या जुन्या सुती कापडानं पुसत राहायचं, सगळं काळं निघून येतं. नवीन करताना लिटरभर स्पिरिटला २०० ते २५० ग्रॅम चपडा, काचेच्या बरणीत रात्रभर. लोखंडी डब्यात नको, रंग काळवंडतो. मलमलच्या फडक्यात कापसाचा बोळा बांधून पातळ पातळ हात मारायचे. एक जाड हात मारून दुपारी सिनेमाला जायचा मोह आवरा.

आणि घरात समई किंवा गॅस चालू असताना स्पिरिटची बाटली उघडू नका. माझ्या डाव्या भुवईला विचारा.

परळची_सून

रंधा_पटाशी, तपकिरी रेघोट्या आहेत. सासूबाईंना सांगितलं, बर्मा टीक नाही. त्या म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यांना सांगू नकोस." ते जाऊन नऊ वर्षं झाली.

शिक्का सापडला नाही. काळ्या कागदावर दोन आठवड्यांत चिमूटभर भुसा जमलाय, म्हणजे भाडेकरू आहे. वेताचं कुणीच सांगितलं नाही अजून.

सहापदरी

मी सांगते. कड्याला भोकं आहेत म्हणजे हातविणीची बैठक. भोकांऐवजी सलग खोबण असती तर तयार जाळी आणून ठोकता आली असती, ते सोपं. तुमचं अवघड आहे, पण नवशिक्याला जमतं.

मी ज्यांच्याकडे शिकले ते गृहस्थ अंध होते, अंधशाळेत खुर्च्या विणायला शिकलेले. ते म्हणायचे, डोळे असलेली माणसं घाई करतात. भोकं बोटांनी चाचपत जायचे आणि ताण बोटानं टिचकी मारून ऐकायचे.

दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर अर्धा इंच असेल तर वेताच्या सालीची साधारण अडीच मिलिमीटर रुंद पट्टी घ्या. पाण्यात वीसेक मिनिटं भिजवा, चकचकीत बाजू वर. पहिली फेरी उभी, तिच्यावर आडवी, त्यावर पुन्हा उभी, आणि चौथ्या फेरीपासून खरं विणकाम, म्हणजे आडवी पट्टी उभ्यांच्या एकीखालून, दुसरीवरून. मग दोन तिरक्या. भोकात पट्टी धरून ठेवायला बांबूच्या खुंट्या तासा. ओली असताना फार करकचून ओढू नका, वाळली की आपोआप आवळते. आणि हे सगळं पॉलिश झाल्यावर, आधी नाही.

जुनी जाळी कापून फेकण्याआधी तिचे खालून-वरून फोटो काढा. तेच तुमचं पुस्तक.

परळची_सून (२३ नोव्हेंबर)

हा चर्चेचा धागा वर काढते. औषध झालं, नवा भुसा नाही. दोन स्क्रूंना आगकाड्या लागल्या, डुलणं थांबलं. दिवाळीनंतर पॉलिश केलं. काळं निघाल्यावर खालून मधासारखा रंग आला. नवरा आता बाल्कनीत येऊन सूचना देतो.

वेत पहिल्यांदा चुकला, तिसऱ्या रविवारी सगळा उसवला. आता चार फेऱ्या झाल्यात, पण पहिली तिरकी सरकतच नाही. प्रत्येक ओढीला करकर करते आणि काल एक पट्टी तुटली. सहापदरी, आहात का?

सहापदरी

करवतीसारखी अडकते ना? वर-खाली उलटं झालंय. आत्ता उभ्यांच्या वरून आणि आडव्यांच्या खालून घालत असाल तर फिरवा, उभ्यांच्या खालून, आडव्यांच्या वरून. बरोबर असली की तेल लावल्यासारखी सरकते. दुसऱ्या तिरकीला याच्या नेमकं उलट.

परळची_सून

सरकली!! दुसरी पुढच्या रविवारी. सासूबाई रोज सकाळी येऊन विचारतात, बसू का.