‘सेक्शनल टाइम’, ‘गोइंग’ आणि ‘पेस’ला मराठीत काय म्हणायचं?

तळटीप:
घोड्यांच्या शर्यतींवरचा एक इंग्रजी लेख मराठीत आणतोय आणि वरच्या तीन शब्दांपाशी अडलोय. सेक्शनल टाइम म्हणजे शर्यतीच्या एखाद्या टप्प्याला लागलेला वेळ, गोइंग म्हणजे ट्रॅकची जमीन किती टणक किंवा ओली ते, आणि पेस म्हणजे शर्यत कुठल्या टप्प्यात किती जोरात पळवली गेली ते. मी लिहिलेलं वाक्य असं: ‘मैदानाची स्थिती चांगली ते मऊ होती व शर्यतीचा वेग कमी होता, त्यामुळे विजेत्याची विभागीय वेळ दिशाभूल करते.’ वाचून माझं मलाच हसू आलं. विभागीय वेळ म्हणजे एसटीच्या कार्यालयाची वाटते. कोणी सुचवेल का?

खोगीर:
‘विभागीय’चं नंतर बघू, आधी ‘वेळ’ बघा. ‘ती वेळ’ वेगळी आणि ‘तो वेळ’ वेगळा. ‘शर्यतीची वेळ’ म्हटलं की दुपारचे अडीच. ‘शर्यतीला लागलेला वेळ’ म्हटलं की १ मिनिट ३८ सेकंद. क्रीडापानावर ‘९.५८ सेकंद अशी वेळ नोंदवली’ हे रुळलंय खरं, पण तिथे ‘नोंदवली’ अर्थ सांभाळून घेतं. तुमच्या वाक्यात सांभाळायला कोणी नाही.
मी ‘टप्प्याचा वेळ’ लिहीन. त्याहून बरं म्हणजे नावच न देता ‘शेवटचे ६०० मीटर ३६ सेकंदांत’ असं सांगून मोकळं व्हायचं. लेखात फर्लांग आले तर बिनधास्त ठेवा, आपल्या आजोबांना फर्लांग पाठ होता. आठ फर्लांगांचा मैल, म्हणजे एक फर्लांग साधारण २०१ मीटरचा.

तळटीप:
‘तो वेळ’ पटलं. पण ‘पेस’ला ‘वेग’ का नको?

जुना तबेला:
कारण वेग घोड्याचा असतो आणि पेस शर्यतीचा. समजा, १६०० मीटरच्या दोन शर्यती आहेत. दोन्हींचे विजेते ९८ सेकंदांत आले, म्हणजे सरासरी वेग अगदी सारखा. पण एकीत पहिल्या हजार मीटरला ६२ सेकंद गेले आणि शेवटचे ६०० मीटर ३६ सेकंदांत निघाले. दुसरीत पहिले हजार ५९.५ मध्ये आणि शेवटचे ६०० मीटर ३८.५ मध्ये. आता शेवटच्या टप्प्याचा वेग सरासरीने भागून बघा. पहिलीत तो १०२ टक्क्यांच्या वर जातो, दुसरीत जेमतेम ९५ भरतो. पहिल्या शर्यतीत सगळे दमाने गेले आणि शेवटी पळापळ झाली. दुसरीत सुरुवातीलाच दम काढला आणि शेवटी सगळे रखडले. तुमच्या ‘वेग कमी होता’मधून यातलं काही कळतं का?
‘चाल’ही नको. घोड्याच्या बाबतीत चाल म्हणजे दुडकी, रवाल वगैरे. ‘गती’ वेगाचीच बहीण.

द्रुत:
मग ‘लय’? विलंबित सुरू करून द्रुतमध्ये संपवणं म्हणजे तुमची पहिली शर्यतच. अमेरिकेतल्या केंटकी डर्बी शर्यतीत १९७३ साली सेक्रेटॅरिएट या घोड्याने सव्वा मैलाचे पाच पाव मैल २५.२, २४, २३.८, २३.४ आणि २३ सेकंदांत काढले. प्रत्येक पाव मैल आधीच्यापेक्षा कमी वेळात. याला चढती लय नाही तर काय म्हणायचं?

जुना तबेला:
त्या घोड्यापुरतं छान आहे. पण पंधरा घोडे पळत असताना लय कोणाची? शिवाय कानाला वाटतं की टापांच्या ठेक्याबद्दल बोलताय. शर्यत संथ गेली की आमच्याकडे ‘पेस लागला नाही’ म्हणतात, मी तेच ठेवीन. नाहीतर क्रियापदावर यायचं: ‘शर्यत संथ निघाली’, ‘पुढच्यांनी दमवून मारलं’.

काळी माती:
मी शेतीवाला, रेसमधलं कळत नाही, पण ‘चांगली ते मऊ’ वाचून राहवलं नाही. जमिनीच्या ओलाव्याला आपल्याकडे शब्दांची कमी आहे का? टणक, भुसभुशीत, ओलसर, चिकट, राड. आणि तुमच्या ‘चांगली’ला, म्हणजे इंग्रजी ‘गुड’ला, वाफसा! मूठभर माती दाबली की लाडू व्हावा, टाकली की फुटावा. एक विनंती, ‘हेवी’ला, म्हणजे पार चिखल झालेल्या ट्रॅकला, ‘भारी जमीन’ करू नका. भारी जमीन म्हणजे खोल काळी, कसदार. ती उन्हाळ्यात दगडासारखी कडकही असते. तुमच्या ‘हेवी’ला राड म्हणा.

जुना तबेला:
वाह, राड घेतली! पुण्याचा हंगाम भर पावसाळ्यातला. रेलिंगला उभं राहिलं की घोळका जाताना हिरवळीची ढेकळं छातीएवढी उडतात आणि मागच्या जॉकीचे कपडे कोणत्या रंगाचे होते तेच कळत नाही. महालक्ष्मीला हिवाळ्यात हे दृश्य नसतं. मात्र वाफशाबद्दल शंका आहे. वाफसा ‘येतो’, पाऊस उघडल्यावर. इंग्लंडात न्यूमार्केटच्या रेसकोर्सवर महिनाभर पाऊस नसेल आणि पाणी देऊन ट्रॅक ‘गुड’ राखला असेल, तर तिथे वाफसा आला म्हणणार का? मी ‘बेताचा’ म्हणेन. टणक, बेताचा, नरम, राड.
तळटीप, लेखात आकडे असतील तर जपून. जमीन मोजायच्या पेनेट्रोमीटरमध्ये वजन टाकून दांडी किती रुतली ते मोजतात, म्हणजे आकडा मोठा तितकी जमीन नरम. त्याच कामाची इंग्लंडची गोइंगस्टिक उलटी, तिचा आकडा मोठा तितकी जमीन टणक. दोन्हीला ‘मैदानाचा निर्देशांक’ केलंत तर वाचक चिखलात.

तळटीप:
सगळ्यांचे आभार. आता असं केलंय: ‘ट्रॅक नरम होता आणि शर्यत संथ निघाली होती, म्हणून विजेत्याने शेवटचे ६०० मीटर ३६ सेकंदांत काढले यावर फार जाऊ नये.’

खोगीर:
शब्द जमले, ‘आणि’ चुकलं. नरम ट्रॅकवर शेवटचा टप्पा जड जातो, संथ सुरुवातीने तो हलका होतो. दोन्ही कारणं उलट दिशांना ओढतात आणि तुम्ही त्यांना एकाच गाडीला जुंपलंय. ‘ट्रॅक नरम होता, तरी शेवटचे ६०० मीटर ३६ सेकंदांत निघाले, कारण पहिले हजार मीटर कोणी घोडा सोडलाच नव्हता.’ मूळ लेखकाला हेच म्हणायचंय का, ते एकदा पुन्हा बघा.