‘गॉर्डन दंगली’ की ‘गॉर्डनचे बंड’?

प्रश्न : अठराव्या शतकातील लंडनवरील एक मराठी लेख सध्या माझ्याकडे संपादनासाठी आहे. जून १७८० मधील कॅथलिकविरोधी हिंसाचारासाठी त्यात एकाच परिच्छेदात ‘दंगल’, ‘बंड’ आणि ‘उठाव’ असे तीन शब्द आले आहेत. ज्या मोर्चातून हा हिंसाचार भडकला त्याचे पुढारी लॉर्ड जॉर्ज गॉर्डन यांना ‘उमराव’ म्हटले आहे आणि ते कनिष्ठ सभागृहाचे सभासद होते असेही लिहिले आहे. यांतले काय ठेवावे?

उत्तर : ‘दंगल’ ठेवावा आणि ‘बंड’ काढून टाकावा, असे माझे ठाम मत आहे. गॉर्डन यांचा जीव याच भेदावर अवलंबून होता. ५ फेब्रुवारी १७८१ रोजी त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला, आणि त्यातला आरोप राजाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा, म्हणजे बंडाचाच होता. त्यांचे वकील टॉमस अर्स्किन यांनी हा हेतूच नाकारला. लोक जमवले ते संसदेकडे अर्ज नेण्यासाठी, असा त्यांचा युक्तिवाद होता, आणि ज्युरींनी गॉर्डन यांना निर्दोष ठरवले. ज्युरींनी जे नाकारले ते आपण शीर्षकात सिद्ध धरू नये.

‘उठाव’ या शब्दाला माझा आक्षेप वेगळा आहे. १८५७ मुळे मराठीत या शब्दाला अन्यायी सत्तेविरुद्ध उभे राहण्याची छटा आली आहे. इथे मूळ मागणी कोणती होती ते पाहावे. १७७८ च्या कायद्याने, ठरावीक शपथ घेणाऱ्या कॅथलिकांना जमीन विकत घेण्याची आणि वारशाने मिळवण्याची मुभा दिली होती, आणि तो कायदा रद्द व्हावा यासाठी गॉर्डन यांच्या अध्यक्षतेखालील प्रोटेस्टंट असोसिएशनने २ जून रोजी हजारो लोक सेंट जॉर्जेस फील्ड्सच्या मैदानावर जमवले. टोप्यांना निळ्या फिती लावून ते संसदेकडे निघाले, तोवर ‘मोर्चा’ हा शब्द चालेल. पण त्याच रात्री सार्डिनिया आणि बव्हेरिया यांच्या वकिलातींशी जोडलेली कॅथलिक प्रार्थनामंदिरे लुटली गेली, पुढे मूरफील्ड्समधील आयरिश वस्तीवर जमाव चालून गेला, ६ तारखेला न्यूगेटचा तुरुंग जाळून कैदी सोडण्यात आले आणि ७ तारखेला बँक ऑफ इंग्लंडवर हल्ला झाला. तुरुंग आणि बँक ही लक्ष्ये पाहून काही अभ्यासकांना त्यात गरिबांचा श्रीमंतांवरचा रोष दिसतो, आणि ते अगदीच निराधार नाही. तरीही ज्यांची घरे जाळली गेली त्यांत कष्टकरी आयरिश कुटुंबेही होती, आणि ‘उठाव’ म्हटले की ती नजरेआड होतात.

‘दंगा’ आणि ‘दंगल’ यांतही फरक ठेवावा. आपल्याकडच्या कायद्याच्या मराठीत ‘दंगा’ हे गुन्ह्याचे नाव आहे. वर्तमानपत्री आणि ऐतिहासिक लेखनात घटनेला ‘दंगल’ म्हणतात. म्हणून ‘दंग्याचा आरोप’, पण ‘गॉर्डन दंगली’. हिंसाचार आठवडाभर, अनेक ठिकाणी चालला, तेव्हा अनेकवचनच योग्य.

‘उमराव’बद्दलची आपली शंका रास्त आहे. गॉर्डन हे ड्यूकचे तिसरे पुत्र असल्याने ‘लॉर्ड’ ही त्यांची केवळ सन्मानदर्शक उपाधी होती, वरिष्ठ सभागृहातील आसनाचा हक्क तिच्याबरोबर येत नव्हता. म्हणूनच १७७४ मध्ये ते कनिष्ठ सभागृहात निवडून येऊ शकले. ‘उमराव घराण्यातील राजकारणी’ असे लिहिल्यास दोन्ही विधाने जुळतील.

प्रश्न : आभारी आहे. जमावाच्या ‘नो पोपरी’ या घोषणेसाठी ‘पोपशाही नको’ चालेल का?

उत्तर : चालेल, मात्र अवतरणचिन्हांत. ‘पोपरी’ हा विरोधकांनी द्वेषाने वापरलेला शब्द आहे आणि ‘पोपशाही’त तो सूर बराचसा उतरतो, पण लेखक स्वतः बोलत असेल तिथे ‘कॅथलिक पंथ’ असेच लिहावे.