उसाच्या फडात बछडे सापडल्यास स्वयंसेवकांनी काय करावे?

प्रश्न: जुन्नर तालुक्यातील आमच्या गावात काल ऊसतोडीच्या वेळी बिबट्याचे दोन बछडे सापडले आणि बघ्यांची झुंबड उडाली. अशा वेळी आम्हा तरुणांना कोणती मदत करता येईल?

उत्तर १: तोड थांबवावी, बछड्यांना हात लावू नये आणि वन विभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे, मादी बहुधा जवळच्याच उसात असते.

उत्तर २: मी दोन हंगाम वनरक्षकांसोबत हेच काम केले आहे. पशुवैद्यकांनी तपासलेले बछडे संध्याकाळी त्याच जागी क्रेटमध्ये ठेवले जातात आणि अंधार पडल्यावर मादी त्यांना मानेला धरून उचलून नेते; तोवर लोकांना लांब थोपवणे आणि मोबाइलचा उजेडही पडू न देणे, हीच आपली खरी मदत.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. काल मुलांनी बछडे उचलून फोटो काढले, याचे फार वाईट वाटते. आजच टोळीच्या मुकादमांशी बोलतो.