विरह, वियोग की शोक?

प्रश्न : अभिजात साहित्यातल्या शोकांत प्रेमकथांवर लेख लिहिते आहे. कालिदासाच्या ‘रघुवंशा’च्या आठव्या सर्गाबद्दल, म्हणजे राणी इंदुमती गेल्यावर राजा अजाने केलेल्या विलापाबद्दल, मी ‘इंदुमतीच्या विरहाने व्याकूळ अज’ असं लिहिलं. मैत्रिणीने ‘विरह’ खोडून ‘शोक’ केलं. या दोन शब्दांत खरंच एवढा फरक आहे का? आणि ‘वियोग’ चालेल का?

प्रतिसाद : मैत्रिणीचं बरोबर आहे. विरहात पुन्हा भेटीची आशा धरलेली असते. भरताच्या नाट्यशास्त्रातच हा भेद आहे: विप्रलंभ, म्हणजे ताटातुटीतला शृंगार (प्रेमाचा रस), ‘सापेक्ष’, भेटीची आशा असलेला; करुण, म्हणजे शोकाचा रस, ‘निरपेक्ष’, आशा नसलेला.

‘मेघदूत’ घ्या. यक्षाला बायकोपासून दूर राहण्याचा शाप एका वर्षाचा. त्यातले चार महिने उरलेत आणि तो संपणार कधी हेही ठरलेलं आहे: विष्णू शेषशय्येवरून उठेल तेव्हा, म्हणजे आपल्या कार्तिकी एकादशीच्या सुमारास. तिकडे अलकेत, यक्षांच्या नगरीत, बायको उंबरठ्यावर वाहिलेली फुलं जमिनीवर मांडून राहिलेले महिने मोजत असेल, असं तो मेघाला सांगतो. मोजायला काहीतरी उरलंय, म्हणून तो विरह.

अजाने काय मोजायचं? नारदाच्या वीणेवरची माळ वाऱ्याने उडून इंदुमतीच्या छातीवर पडते आणि ती जागच्या जागी जाते. गृहिणी, सचिव, सखी, कलांमधली लाडकी शिष्या, सगळं मृत्यूने एकदमच नेलं, असा त्याचा आक्रोश आहे. पुढे मुलगा दशरथ लहान म्हणून तो आठ वर्षं कशीबशी काढतो, तिच्यासारखं काही दिसलं तर ते पाहत, तिची चित्रं न्याहाळत, स्वप्नातल्या क्षणभराच्या भेटीवर. कालिदासाने ती आठ वर्षं एका श्लोकात सांगितली आहेत आणि मला तो श्लोक सगळ्या विलापाहून जड वाटतो. इथे ‘शोक’च हवा.

‘वियोग’ही चालेल. ती नुसती ताटातूट. माणूस गेलेलं असो वा दूर असो. म्हणून ‘पुत्रवियोग’ कानाला बरोबर वाटतो, ‘पुत्रविरह’ खटकतो. विरह प्रेमात आणि भक्तीत शोभतो. ज्ञानेश्वरांच्या विराण्या, म्हणजे विरहाची पदं, त्याच जातीच्या.

दुसरा प्रतिसाद : भेद पटला, पण कवी तो इतका काटेकोर पाळतात का? भवभूतीच्या ‘उत्तररामचरित’ नाटकाच्या तिसऱ्या अंकात, पंचवटीत, सीता येताना पाहून नदीदेवता तमसा म्हणते, ‘करुणस्य मूर्तिरथवा शरीरिणी विरहव्यथेव’, म्हणजे करुणाची मूर्ती, अथवा जणू देह धरलेली विरहव्यथाच. भवभूतीने करुण आणि विरह एका दमात घेतले आहेत.

प्रतिसाद : फार चांगलं उदाहरण काढलंत. पण त्यातला ‘अथवा’ सोडू नका. रामाच्या लेखी सीता या जगात नाही, त्यामुळे त्याचा तो निखळ शोक. सीता जिवंत आहे, भागीरथीच्या कृपेने अदृश्य होऊन त्याच्याजवळच वावरते आहे. नवऱ्याने टाकलेल्या बाईला भेटीची आशा धरता येत नाही आणि सोडवतही नाही. तिचं दुःख नेमकं कुठल्या बाजूला पडतं हे भवभूतीलाही ठरवायचं नव्हतं, असं मी मानतो.

अशा मधल्या अवस्थेला शास्त्रकारांनी नाव दिलंय: करुणविप्रलंभ. साहित्यशास्त्रकार विश्वनाथ ‘साहित्यदर्पणा’त त्यासाठी बाणभट्टाच्या ‘कादंबरी’कडे जातो (तिच्याच नावावरून आपल्या कादंबऱ्या). महाश्वेतेचा प्रियकर पुंडरीक मरतो. महाश्वेता प्राण द्यायला निघते. एवढ्यात चंद्रमंडलातून एक दिव्य पुरुष उतरतो, पुंडरीकाचा देह उचलतो आणि तिला सांगतो, प्राण सोडू नकोस, तुझी याच्याशी पुन्हा भेट होईल. त्या शब्दांच्या आधी करुण, नंतर शृंगार, असं विश्वनाथ स्पष्ट म्हणतो. मृत देह तोच, रडणारी मुलगी तीच. आशा मिळाल्याबरोबर रस बदलला. पुढे अच्छोद सरोवराकाठी ती तप करत राहते, तो विरह.

प्रश्नकर्ती : मग अजाला ‘शोक’ आणि महाश्वेतेला ‘विरह’ असंच लिहिते. लेखात ‘विप्रलंभ’ वापरावा का?

प्रतिसाद : वापरलात तर लगेच अर्थ द्या. त्या शब्दाचा मूळ अर्थ फसवणूक; ठरल्या जागी प्रियकर न आल्याने फसलेली नायिका ती ‘विप्रलब्धा’. साहित्यशास्त्राबाहेरच्या वाचकाला अजाची किंवा महाश्वेतेची कुणी फसवणूक केली असं वाटेल.