'पिढीजात आघात' म्हणायचं का?

वाशीकर: एका प्रश्नावलीचा मराठी अनुवाद करतेय. मूळ श्रेणी लेस व्हिटबेक आणि सहकाऱ्यांची, 2004 ची, अमेरिकेतल्या मूलनिवासींसाठी. बारा बाबी: जमीन गेली, भाषा गेली, निवासी शाळांनी नाती तोडली वगैरे. प्रत्येकीपुढे 'हे किती वेळा मनात येतं?' 'कधीच नाही'पासून 'दिवसातून अनेकदा'पर्यंत. इथे ती नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोसाठी जमिनी गेल्या त्या घरांतल्या नातवंडांना द्यायची आहे. शीर्षकातलं 'पिढीजात आघात' (आधीच्या पिढीवर झालेला, पुढच्यांत उतरलेला) मार्गदर्शक बाईंनी कापलं. का बरं?

नौपाडा_जुना: बरोबर कापलं. पिढीजात सोनार असतो, पिढीजात वाडा असतो. आघात काय कोणी मुलाच्या नावावर करून देतं? 'आनुवंशिक' घ्या.

वाशीकर: मग जनुकंच आली की! रेचल यहुदांनी 2016 मध्ये नाझींनी केलेल्या ज्यू संहारातून वाचलेल्यांच्या मुलांत एका जनुकावरच्या मिथिलीकरणात (जनुकाचं काम कमीजास्त करणाऱ्या रासायनिक खुणांत) फरक दाखवला, पण नमुना अगदी लहान. जनुकातून आलं की आईबापांच्या वागण्यातून, हेच तर शोधायचंय. ते शीर्षकातच ठरवून टाकू?

कोपरी_पूर्व: सरळ 'ट्रॉमा' ठेवा. हायवेवरच्या पाट्यांनी सगळ्यांना पाठ झालाय.

नौपाडा_जुना: म्हणून लोकांना वाटेल अपघाताची चौकशी आहे. 'सल' घ्या, 'शल्य'पासून आलाय. आत रुतून राहतं ते.

घणसोलीचा: आमच्या घरात 'आघात' कोणी तोंडातून काढल्याचं आठवत नाही. आजी म्हणायची, जमीन गेली तशी आज्यानं हाय खाल्ली. बापाला हाय नाही, राग आहे. 1984 च्या जासईचा, जमिनीच्या आंदोलनावरच्या गोळीबाराचा, विषय निघाला की अजून आवाज चढतो. माझ्याकडे साडेबारा टक्क्यांची, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळायच्या भूखंडाची, फाईल. आता तुमचा 'किती वेळा' घ्या. मी 'दिवसातून अनेकदा'वर खूण करणार, कारण वकिलाचा फोन येतो. तो आघात धरणार का?

वाशीकर: म्हणूनच जोडीला लक्षणांची वेगळी श्रेणी असते: दुःख, राग, झोप उडणं.

घणसोलीचा: झोप विमानतळाच्या कामानंही उडते.

कोपरी_पूर्व: आमच्या शेजारचे सिंधी काका कराचीचं नावच काढत नाहीत. 'कधीच नाही'वर खूण केली की शून्य गुण?

नौपाडा_जुना: ते असो. 'हाय' खातात की घेतात? आमच्याकडे धसका घेतात, हाय खातात.

घणसोलीचा: धसकाही खातात. विचारा कोणालाही.

नौपाडा_जुना: छे! धास्ती खाल्लेली ऐकलीय, धसका कधीच नाही.