स्पॅनिश घरचं जेवण आपल्या ओट्यावर : अनुभव धागा

स्पेनचं खाणं म्हटलं की हॉटेलातला पिवळा भात डोळ्यांपुढे येतो. तिथल्या घरांत रोज शिजतं ते वेगळंच: मसूर, काबुली चणे, बटाटा-अंडं, शिळा पाव, टोमॅटो. मोजके जिन्नस, पण तेल उत्तम आणि घाई अजिबात नाही. तुम्ही स्पेनमध्ये राहत असाल, राहून आला असाल किंवा इथेच बसून हे पदार्थ करत असाल, तर लिहा. मोजूनमापून कृती दिलीच पाहिजे असं नाही. कशाऐवजी काय वापरलं, तिथल्या माणसांनी काय शिकवलं, हे जास्त हवं आहे. फक्त खाऊन पाहिलेलं नको, करून पाहिलेलं लिहा.

सुरुवात मी करते. आमच्या घरी सगळ्यांत जास्त होते ती तोर्तिया, म्हणजे बटाट्याचं जाड ऑम्लेट. मेक्सिकोच्या पोळीशी तिचा संबंध नाही. अर्धा-पाऊण किलो बटाट्याच्या पातळ चकत्या भरपूर ऑलिव्ह तेलात मंद आचेवर वीसेक मिनिटं मऊ होऊ द्यायच्या. त्या तळायच्या नाहीत, रंगही येऊ द्यायचा नाही. मग तेल गाळून बाटलीत भरायचं (पुढच्या वेळी तेच वापरते, आपल्याकडच्या भावात दुसरा इलाज नाही), बटाटे सहा फेटलेल्या अंड्यांत घालून दहा-पंधरा मिनिटं तसेच ठेवायचे. हे थांबणं टाळू नका, बटाटा अंडं पितो तो याच वेळात. नंतर तव्यावर घालायचं आणि ताटली झाकून उलटायचं. कांदा घालावा की नाही यावर स्पेनमध्ये घराघरांत दोन तट आहेत. मी कांद्याच्या बाजूची. गालिसियातल्या बेतान्सोस गावची तोर्तिया कांद्याशिवाय आणि आतून वाहती असते. तीही करून बघा, पण अंडी अगदी ताजी हवीत.

व्हॅलेन्सियाहून

मी लग्न होऊन इथे आले. सासूबाई शहराच्या दक्षिणेला आल्बुफेराच्या काठच्या गावातल्या. त्या सरोवराभोवती सगळी भातशेती, मे महिन्यात पेरणी आणि सप्टेंबरात कापणी. पाएया (पसरट कढईत शिजवलेला तो पिवळा भात) ही त्या शेतांची आणि मळ्यांची, म्हणून मूळ पाएयात मासळी नसते. कोंबडी, ससा, चपट्या हिरव्या शेंगा, गारोफो नावाचे मोठे पांढरे वाल, टोमॅटो, पिमेंतोन (स्पॅनिश लाल मिरचीची पूड), केशर, ऑलिव्ह तेल, पाणी, मीठ. कुणी रोझमेरीची काडी टाकतं, कुणी गोगलगायी. कांदा नाही, त्याने भात मऊ पडतो असं सासूबाई सांगतात. चोरिसो, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज, तर नाहीच.

अर्धा जीव मांस परतण्यात आहे. पसरट कढईत तेल-मीठ घालून तुकडे चांगले तांबूस होईपर्यंत परतायचे, इथे अर्धा तास गेला तरी चालेल. मग शेंगा आणि वाल, मग किसलेला टोमॅटो. तो आटला की पिमेंतोन घालायचं आणि लगेच पाणी, कारण पिमेंतोन क्षणात करपतं आणि कडू होतं. आता हे पाणी अर्धा तास उकळू द्यायचं. वेगळा रस्सा करत नाहीत, तो त्याच कढईत तयार होतो. चव घेतली की जरा खारट लागलं पाहिजे, कारण तांदूळ मीठ ओढून घेतो.

मग तांदूळ पसरायचा, आणि त्यानंतर डाव लावायचा नाही. आपल्या हाताला ही सवय नाही, पण ढवळलं की पिठूळपणा सुटतो आणि भात गिच्च होतो. आधी मोठी आच, मग बारीक, अशी अठरा-वीस मिनिटं. शेवटी मिनिटभर आच वाढवायची आणि कान द्यायचा. तळाशी चुरचुर सुरू झाली की सोकारात, म्हणजे खरपूस खरवड, धरली. पाच मिनिटं मुरू द्यायचं. कढई टेबलाच्या मधोमध ठेवतात आणि प्रत्येक जण चमच्याने आपल्या पुढ्यातलं खातो. हे सगळं रविवारी दुपारी. रात्रीच्या जेवणाला पाएया करायला सासूबाई साफ नकार देतात.

नाशिकहून

पाएयाचा बोम्बा तांदूळ इथे मिळाला तरी फार महाग. काय वापरावं?

पुण्याहून (वरील प्रश्नाला)

बोम्बा भरपूर रस्सा पिऊनही फुटत नाही, तो गुण आपल्या एकाही तांदळात पूर्ण नाही. मी जुना, आखूड दाण्याचा, बिनवासाचा तांदूळ घेते आणि पाणी कमी ठेवते. आंबेमोहर आणि इंद्रायणी टाळा, दोन्ही चिकट होतात, आणि आंबेमोहराचा वास केशराला वर येऊ देत नाही. केशर काश्मिरी चालतं. कागदाच्या घडीत गुंडाळून गरम झाकणावर ठेवा, मग चुरा.

आम्ही शाकाहारी, म्हणून माझा पदार्थ सेव्हिलचा: पालक आणि काबुली चणे. शिळ्या पावाचे तुकडे आणि लसूण ऑलिव्ह तेलात तांबूस करायचे, जिरं आणि चमचाभर व्हिनेगर घालून खलबत्त्यात कुटायचे. त्याच तेलात गॅस बंद करून पिमेंतोन, मग परतलेला पालक, शिजलेले चणे, थोडं चण्याचं पाणी आणि हे वाटण. रस नको, दाटच हवं. जिरं दिसलं की हात गरम मसाल्याकडे जातो, तो आवरा. पाव, लसूण आणि तेल यांची चव त्याखाली पार दबून जाते.

पिमेंतोनऐवजी काश्मिरी मिरची पावडर घातली तर रंग येतो, धूर येत नाही. एस्त्रेमादुरातल्या ला व्हेरा भागात मिरच्या ओकच्या लाकडाच्या धुरावर दहा-पंधरा दिवस वाळवतात, ती खरी चव. डबी मिळाली नाही तर मी पेटत्या कोळशावर तुपाऐवजी तेलाचा थेंब सोडून धुंगार देते. बऱ्यापैकी जवळ जातं.

माद्रिदहून

थंडीत इथे कोसिदो, म्हणजे चणे, मांस आणि भाज्यांचा एकत्र रस्सा. चणे रात्रभर भिजवून गरम पाण्यातच सोडायचे, गार पाण्यात टाकले तर टणक राहतात, असं माझ्या घरमालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं. मांस, हाडं, चणे एकत्र दोन-तीन तास. वाढणी तीन फेऱ्यांत: आधी त्याच रश्शात शिजवलेल्या बारीक शेवयांचं सूप, मग चणे-बटाटा-गाजर-कोबी, शेवटी मांस. प्रेशर कुकर इथल्याही घरांत सर्रास आहे, तेव्हा बिनधास्त वापरा. उरलेल्या मांसाचे दुसऱ्या दिवशी क्रोकेतास, म्हणजे तळलेले गोळे.

नागपूरहून

मे महिन्यात गॅसजवळ उभं राहवत नाही, म्हणून आमच्याकडे सालमोरेहो, म्हणजे टोमॅटोचं गार, दाट सूप. मूळ कोर्दोबाचं, आणि तिथला उन्हाळाही आपल्यासारखाच चाळिशी ओलांडणारा. पूर्ण पिकलेले टोमॅटो, शिळा पाव, लसणाची एकच पाकळी, मीठ. हे मिक्सरमधून काढून गाळायचं आणि शेवटी ऑलिव्ह तेल धार धरून मिसळायचं, की मलईसारखं दाट होतं. वर उकडलेलं अंडं कुस्करून. तिथे हॅमही घालतात.

त्याहून मला मालागाचं आहोब्लांको, म्हणजे बदामाचं गार सूप, प्रिय आहे. यात टोमॅटो नाही. तो अमेरिकेतून स्पेनमध्ये यायच्या आधीपासूनची ही रीत. सोललेले बदाम, पाव, लसूण, व्हिनेगर, तेल, बर्फाचं पाणी. वर द्राक्षं टाकतात, म्हणून आम्ही मार्च-एप्रिलमध्ये, नाशिकची द्राक्षं संपायच्या आत करतो. बदाम रात्री भिजवा, सालं निघतात आणि वाटण गुळगुळीत होतं.

ओव्हिएदोहून

फाबादाबद्दल, म्हणजे इथल्या पांढऱ्या घेवड्याच्या आणि डुकराच्या मांसाच्या रश्श्याबद्दल, दोनच गोष्टी. घेवड्याचे मोठे पांढरे दाणे गार पाण्यात शिजायला ठेवायचे, आणि उकळी आली की वरून थोडं गार पाणी ओतायचं, दोन-तीनदा. सालं फाटत नाहीत. चमचा घालायचा नाही, पातेलं कान धरून हलवायचं.

मडगावहून

स्पॅनिश पद्धतीच्या मसुरात मी गोव्याचं चोरीस घालते. दोन्ही सॉसेजांचं कूळ स्पेन-पोर्तुगालच्या एकाच द्वीपकल्पातलं, पण आमच्यात पोर्तुगिजांमागून व्हिनेगर आणि तिखट मिरची आली, स्पेनच्या चोरिसोत धुराचं पिमेंतोन. तेव्हा चोरीस आधी वेगळं उकळून ते पाणी टाकते, मग मसुरात गाजर, बटाटा, तमालपत्र, अख्खा लसणाचा गड्डा. जेवण उत्तम होतं. स्पेनचं म्हणून मात्र मी ते वाढणार नाही, ते गोव्याचंच.

नाशिकहून

सर्वांचे आभार. अजून एक, पाएयाची कढई घरच्या शेगडीवर मावते का?

व्हॅलेन्सियाहून

इथे गॅसची दोन-तीन कड्यांची वेगळी शेगडी मिळते, गावाकडे तर संत्र्याच्या लाकडांवर करतात. घरच्या एका बर्नरवर मोठी कढई नको, मधे करपतं आणि कडेला कच्चं राहतं. दोघा-तिघांपुरती लहान घ्या आणि दर दोन मिनिटांनी थोडी फिरवत राहा. भाताचा थर बोटभराहून जाड नको. जास्त माणसं असतील तर एकात कोंबू नका, दोन कढया लावा.